फी माफ झाली, मग उपक्रम शुल्क कशाचं?

पत्राचा सारांश : ही वाचक एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला, प्रवर्ग ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. त्यामुळे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क दोन्ही माफ. यंदाच्या पावतीत मात्र ‘विद्यार्थी उपक्रम शुल्क : २,५०० रुपये’ अशी नवी ओळ आली आहे. वडिलांनी विचारलं, “सरकारनं फी माफ केली म्हणतात, मग हे पैसे कसले?” वर्गातल्या आणखी काही मुलींचीही हीच अडचण आहे. ती वर्गप्रतिनिधी आहे, म्हणून विभागप्रमुखांनी न भरणाऱ्यांची यादी तिलाच करायला सांगितली आहे. भरलं नाही तर हॉलतिकीट अडेल, असंही कानावर घातलं आहे. दुसरीकडे ती कॉलेजच्या नाटकाच्या संघात आहे आणि युवा महोत्सवाचा सगळा खर्च याच पैशातून होणार आहे. काही मित्र बहिष्कार टाकू म्हणतात, काही म्हणतात शुल्क ऐच्छिक करा. ती लिहिते, “मोफत म्हणजे मोफत, एक रुपयाही नको, असं मला वाटतं. पण नाटकही हवं आहे. मी कोणत्या बाजूनं उभं राहू? आणि ती यादी करू का?”

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला मुदत आहे, म्हणून तो आधी घेऊ. यादी करू नकोस. कोणाची किती थकबाकी आहे हे लेखा विभागाच्या संगणकावर दिसतं. वर्गप्रतिनिधीकडून यादी मागितली जाते तेव्हा तिचा उपयोग माहितीपेक्षा दबावासाठी जास्त होतो. तुमच्या विभागप्रमुखांच्या मनात तसं नसेलही, पण घडतं तेच: नावं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतात, आणि ‘उद्या भरते’ म्हणणारी मुलगी चार दिवसांनी वर्गात यायचंच टाळू लागते. सरांना एकटीनं भेट आणि शांतपणे सांग, “सर, थकबाकीची नोंद ऑफिसकडे आहेच. वर्गात विचारलं तर मुलींच्या घरची परिस्थिती चारचौघांत येते. ज्यांना अडचण आहे त्यांना मी थेट ऑफिसात अर्ज द्यायला सांगते.” यात नकार आहे आणि पर्यायही आहे, त्यामुळे सरांनाही वरच्यांना काहीतरी सांगता येतं.

आता वडिलांचा प्रश्न. तो अगदी योग्य आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. त्याआधी ही सवलत पन्नास टक्के होती. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातले आणि संस्था स्तरावरचे प्रवेश यात येत नाहीत. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही येत नाहीत. म्हणजे शासनानं पावतीतल्या दोन ओळी आपल्या अंगावर घेतल्या, अख्खी पावती नाही. वर्तमानपत्रांत ‘मुलींना मोफत शिक्षण’ एवढंच छापून आलं, आणि उरलेल्या ओळी घरच्यांना कॉलेजच्या खिडकीवर कळल्या. हा दोष तुझ्या वडिलांचा नाही.

म्हणून पावती समोर घे आणि ओळींचे तीन गट पाड. पहिला गट माफ झालेला: शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क. शासनाचा हप्ता अजून आला नाही म्हणून ही रक्कम ‘आधी भरा, मग परत देऊ’ असं कोणी म्हणत असेल तर तिथंच थांब. पात्र मुलींकडून ती आगाऊ घेऊ नये, असं उच्च व तंत्रशिक्षण विभागानं कॉलेजांना बजावलेलं आहे. दुसरा गट कॉलेज फक्त गोळा करून विद्यापीठाकडे पाठवतं तो: नोंदणी, पात्रता, विद्यार्थी विमा, विद्यार्थी कल्याण निधी, अश्वमेधसारख्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवाचा वाटा. या रकमा लहान असतात आणि विद्यापीठाच्या परिपत्रकात सापडतात. तिसरा गट कॉलेजनं स्वतः लावलेला: जिमखाना, ग्रंथालय, ओळखपत्र, स्नेहसंमेलन, वार्षिकांक, आणि तुझी ही २,५०० ची नवी ओळ. अनामत रक्कम वेगळी काढ; ती परत मिळायची असते आणि शेवटच्या वर्षानंतर निम्मी मुलं ती मागायलाच विसरतात.

तिसऱ्या गटात जिमखाना आणि स्नेहसंमेलन या ओळी आधीपासून असतील, तर नवं उपक्रम शुल्क नेमक्या कोणत्या उपक्रमांसाठी आहे, हा तुझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्यानं स्थापन झालेलं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि ती कॉलेजच्या खर्चाच्या हिशेबावरून ठरते. तुमच्या कॉलेजची मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघ आणि कॉलेजला लेखी विचार: फीचा प्रस्ताव पाठवताना विद्यार्थी उपक्रमांचा खर्च त्यात धरला होता का? धरला असेल, तर तोच खर्च तुमच्याकडून दुसऱ्यांदा वसूल होतो आहे. धरला नसेल, तर हे शुल्क कोणी, कोणत्या ठरावानं, कोणत्या तारखेला लावलं, ते सांगावं लागेल. कॅपिटेशन फीला मनाई करणारा १९८७ चा कायदा मंजूर दरापेक्षा जादा रकमेकडे, ती कोणत्याही नावानं घेतली तरी, कॅपिटेशन फी म्हणून बघतो. लगेच कायद्याची भाषा वापरू नकोस. पण हा प्रश्न विचारायला तू मोकळी आहेस, हे माहीत असलेलं बरं.

इथपर्यंतची गोष्ट पावतीची झाली. तुझ्या पत्रात एक मोठी गोष्टही आहे, आणि तिथं थोडं थांबायला हवं.

तू लिहितेस, मोफत म्हणजे एक रुपयाही नको. हा हट्ट बालिश नाही. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार उच्च शिक्षण टप्प्याटप्प्यानं मोफत करत न्यावं असं म्हणतो, आणि भारत १९७९ पासून त्या कराराचा सदस्य आहे. पण आजवर जिथं जिथं उच्च शिक्षण मोफत झालं, तिथं खर्च नाहीसा झाला नाही. तो कोणी उचलायचा, हे ठरलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते ‘कमवा आणि शिका’ या पायावर. गरीब मुलाला फीसाठी परत पाठवायचं नाही हे पक्कं, आणि त्याच्या वाट्याला श्रम होते हेही खरं. जर्मनीत २०१४ नंतर कोणत्याही राज्यात सरसकट शिक्षण शुल्क उरलं नाही, तरी तिथला विद्यार्थी दर सहामाहीला एक वर्गणी भरतो. ती कँटीन आणि वसतिगृहं चालवणाऱ्या सेवा संस्थेकडे जाते, विद्यार्थ्यांनी निवडलेल्या मंडळाकडे जाते, आणि बऱ्याच शहरांत बस-रेल्वेच्या पासासाठी जाते. तिथं या वर्गणीमुळे शिक्षण मोफत राहिलं नाही, असं कोणी म्हणत नाही. कारण पैसा कुठं जातो हे ठाऊक असतं आणि त्यातल्या एका भागावर विद्यार्थ्यांचाच ताबा असतो.

उलटं उदाहरणही आहे. कॅलिफोर्नियात १९६० च्या उच्च शिक्षण आराखड्यानं राज्यातल्या रहिवाशांना शिक्षण शुल्क नको, हे तत्त्व पुन्हा ठामपणे मांडलं; शिकवण्याव्यतिरिक्तच्या सेवांसाठी मात्र शुल्क घ्यायची वाट मोकळी ठेवली. १९७० मध्ये तिथल्या विद्यापीठात ‘शैक्षणिक शुल्क’ आलं, आणि पुढच्या काही दशकांत या इतर शुल्कांचा आकडा एवढा फुगला की मोफत शिक्षणाचं तत्त्व कागदावरच राहिलं. तुला जे खुपतं आहे ते हेच असावं, असं पत्रावरून वाटतं. २,५०० ही रक्कम आहेच, पण दार किलकिलं झालं की पुढच्या वर्षी ४,००० होतील, ही भीती त्यामागे आहे. ती भीती रास्त आहे. म्हणून लढायचं ते उपक्रमांशी नको. हिशेब न देता वाढणाऱ्या ओळीशी लढावं.

याच्याशी जोडलेलं दुसरं गृहीतक: शिक्षण म्हणजे वर्ग आणि परीक्षा, बाकीची हौस. तुझे मित्र बहिष्काराची भाषा करतात तेव्हा त्यांच्या मनात हे असतं, आणि शासन निर्णयातही नकळत तेच आहे. पण विचार कर, नाटक, वादविवाद, रोबोटिक्सचा संघ, कबड्डी, एनएसएसचं शिबिर हे सगळं कॉलेजबाहेर कोणाला मिळतं? ज्याच्या घरी शिकवणीला, क्लबला, प्रवासाला पैसे आहेत त्याला. ज्या मुलीच्या घरातून ती पहिलीच कॉलेजात आली आहे, तिला माईकसमोर उभं राहायचा सराव कॉलेज देईल तेवढाच. तुझ्या नाटकात जी मुलगी प्रकाशयोजना सांभाळते ती डिमर आणि वायरिंग हाताळते, पंधरा माणसांच्या वेळा जुळवते, आयत्या वेळी दिवा गेला तर निर्णय घेते. प्लेसमेंटच्या मुलाखतीत ती याच अनुभवावर बोलणार आहे. उपक्रम शिक्षणाचाच भाग आहे असं मानलं, तर मोफत शिक्षणाच्या मागणीत त्यांच्या खर्चाची मागणीही आली पाहिजे. विद्यार्थी संघटना माफीची व्याप्ती वाढवा म्हणून निवेदनं देतात, त्यात ही ओळ घालायला सांग.

आता ‘ऐच्छिक करा’ हा पर्याय. ऐकायला सगळ्यात न्याय्य, आणि प्रत्यक्षात सगळ्यात वाईट. आकडे मांडून बघू. समजा कॉलेजात १,२०० विद्यार्थी आहेत आणि सगळ्यांनी भरलं तर ३० लाख जमतात. ऐच्छिक केल्यावर ६०० जणांनीच भरलं तर हाती १५ लाख. महोत्सवाचा खर्च तेवढाच ठेवायचा तर पुढच्या वर्षी माणशी ५,००० होतील, मग ६०० चे ३०० होतील. मधल्या काळात सभागृहाच्या दारात पावती बघायला कोणीतरी उभा राहील, संघ निवडताना ‘भरलेल्यांनाच प्राधान्य’ हा नियम येईल, आणि ज्या मुलींसाठी सवलत हवी होती त्याच स्टेजवरून खाली उतरतील. शुल्क सगळ्यांना लागू, आणि ज्यांना झेपत नाही त्यांना माफी, ही रचना याच्यापेक्षा कितीतरी बरी.

माफीचा खर्च कॉलेजला झेपेल का? तोही हिशेब तूच मांड, म्हणजे बैठकीत ‘बजेट नाही’ या उत्तरावर गप्प बसावं लागणार नाही. १,२०० पैकी ३०० जणांना पूर्ण माफी दिली तर जमा २२ लाख ५० हजार. तूट साडेसात लाखांची. ती उरलेल्यांवर टाकली तर त्यांना माणशी ३,३३३ रुपये पडतील, म्हणून ती त्यांच्यावर टाकायची नाही. मागच्या वर्षीचा खर्च माग आणि बघ: स्नेहसंमेलनाच्या एका रात्रीचा बाहेरचा कलाकार, साउंड, एलईडी पडदा आणि स्टेज यावर किती गेले, आणि वर्षभर चालणाऱ्या संघांना किती मिळाले. तूट बहुतेक वेळा तिथंच भरून निघते. कलाकार नको असं नाही, पण त्याचा खर्च प्रायोजकांकडून यावा. सक्तीच्या शुल्कातून आधी वर्षभराचे उपक्रम चालावेत.

प्राचार्यांना द्यायचा अर्ज एका पानाचा असू दे. मसुदा असा चालेल:

“विषय : विद्यार्थी उपक्रम शुल्काचा तपशील आणि सवलतीबाबत. महोदय, चालू वर्षी आकारलेल्या २,५०० रुपये विद्यार्थी उपक्रम शुल्काबाबत पुढील माहिती लेखी मिळावी : शुल्क लावण्याचा ठराव व तारीख, मंजूर फीमध्ये या खर्चाचा समावेश आहे किंवा नाही, मागील वर्षी उपक्रमांसाठी जमा व खर्च झालेली रक्कम, बाबनिहाय, शिल्लक रक्कम. तसेच महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर शुल्क सवलतीस पात्र ठरलेल्या विद्यार्थ्यांना हे शुल्क माफ करावे किंवा दोन हप्त्यांत भरण्याची मुभा द्यावी, आणि निर्णय होईपर्यंत कोणाचाही परीक्षा अर्ज किंवा हॉलतिकीट या कारणासाठी थांबवू नये, ही विनंती.”

खाली पंचवीस-तीस सह्या घे, आणि त्यात भरू शकणाऱ्यांच्याही असू देत, म्हणजे कोण गरीब हे सह्यांवरून कळणार नाही. दोन प्रती काढ. एक आवक विभागात दे, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. ईमेलही कर. हे सगळं परीक्षा अर्जाच्या खिडक्या उघडण्याआधी कर. अर्जाच्या शेवटच्या दोन दिवसांत ऑफिस कोणाचंच ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं, आणि विलंब शुल्क लागायला लागलं की मुली कर्ज काढून भरतात.

सवलतीची मागणी करताना दोन गोष्टींवर अडून राहा. एक, नवा उत्पन्नाचा दाखला मागू नये; महाडीबीटीवर अर्ज मंजूर आहे हाच पुरावा पुरेसा आहे, नाहीतर पन्नास मुली पुन्हा सेतू केंद्राच्या रांगेत उभ्या राहतील. दोन, माफीच्या बदल्यात काम नको. ‘शुल्क नाही ना, मग खुर्च्या लावायला या’ अशी सूचना कोणीतरी चांगल्या हेतूनंच करेल. स्वयंसेवकांचं काम सगळ्यांना वाटून द्या. फक्त माफीवाल्यांना दिलं की ती खूण होते. ओळखपत्र, बिल्ला, प्रवेशिका सगळ्यांना एकसारखी.

उत्तर आलं नाही तर पुढची पायरी आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती लागते, आणि माहितीपत्रकात जाहीर केलेल्यापेक्षा जास्त पैसे मागणं ही त्या नियमांत नोंदलेली तक्रार आहे. म्हणून प्रवेशाच्या वेळचं माहितीपत्रक शोधून ठेव. त्यात ही ओळ नसेल तर तुझी बाजू भक्कम. समितीनं शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. लोकपालानं ते ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो. एवढे दिवस धरले तर तक्रार सत्राच्या सुरुवातीला व्हायला हवी हे लक्षात येईल. तुमचं कॉलेज विनाअनुदानित असल्यानं थेट त्यांच्याकडे माहिती अधिकारात अर्ज केला तर वाद निघतो. तोच अर्ज विद्यापीठाकडे किंवा तंत्रशिक्षण संचालनालयाकडे, त्यांच्या दप्तरी असलेल्या कागदांसाठी करावा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. अनुदानित कॉलेजातल्या वाचकांना मात्र हा अर्ज थेट कॉलेजच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे देता येतो.

हॉलतिकीट खरंच अडवलं तर भांडण काउंटरवर करू नका. कारण लेखी मागा. ते बहुतेक वेळा मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणूनच अडवणूक सुटते. तोंडी नकार आला तर त्याच दिवशी प्राचार्य आणि तक्रार समिती दोघांना ईमेल करा: तारीख, वेळ, काय सांगितलं गेलं. बहिष्काराबद्दल सांगायचं तर त्यात पहिला फटका बसतो तो ज्यांच्याकडे पर्याय नाही त्यांना. श्रीमंत मित्र शेवटच्या दिवशी वडिलांना फोन करून ऑनलाइन भरून मोकळा होतो. त्यापेक्षा ज्यांना झेपतं त्यांनी भरावं आणि ‘हिशेब मिळेपर्यंत आक्षेप कायम’ असं लेखी कळवावं. पावतीशिवाय कोणीही एक पैसा देऊ नये.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. अनुसूचित जातीच्या, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अनिवार्य आणि परत न मिळणारी शुल्कं धरली जातात. म्हणून आपल्या कॉलेजचं उपक्रम शुल्क मंजूर फी-रचनेत आहे का, हे खिशातून भरण्याआधी समाजकल्याण कार्यालयात विचारावं. आणि सगळ्यांनीच, महाडीबीटीचं नूतनीकरण दरवर्षी स्वतः करावं लागतं. पहिल्या वर्षी माफी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षीचा अर्ज राहिला, किंवा बँक खात्याला आधार जोडलेलं नव्हतं, अशा कारणांनी मूळ माफीच हुकते, आणि मग २,५०० चा प्रश्न फार लहान वाटू लागतो.

राहिला तुझा स्वतःचा प्रश्न. नाटकात असल्यानं तू या शुल्काची लाभार्थी आहेस आणि म्हणून तोंड बंद ठेवलं पाहिजे, असं पत्रात कुठंतरी डोकावतं आहे. तसं काही नाही. पैसा कुठं जातो हे तुला आतून माहीत आहे. तुमच्या संघाला गेल्या वर्षी वेशभूषेला आणि प्रवासाला किती मिळाले ते लिहून अर्जाला जोड. घरी २,५०० जड जात असतील तर सवलतीचा अर्ज तूही दे, आणि पहिला दे. वर्गप्रतिनिधीचाच अर्ज गेला आहे म्हटल्यावर बाकीच्या मुलींना ऑफिसची पायरी चढणं सोपं जाईल.